दोघांचाही आकडा चार

या वेळी एका शोधनिबंधाचं आणि त्याहून जास्त एका मोजपट्टीचं परीक्षण करायचं आहे. विषय आहे विशेष गरजा असलेल्या किंवा दीर्घ आजार असलेल्या मुलांचे दात. तुमच्यापैकी बहुतेकांचा दंतवैद्यकाशी संबंध नसेल. माझाही शिक्षणाने नाही. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता आरोग्यविषयक मोजमापांवर पीएच.डी. करते आहे. तरीही लेख शेवटपर्यंत वाचा, कारण यातली चूक कुठल्याही विषयात होऊ शकते, आणि ती मी स्वतः केलेली आहे.

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी आमच्या विभागात दर शनिवारी जर्नल क्लब असायचा. एकाने निबंध वाचून मांडायचा, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. माझ्या पाळीला मी अँडर्स आणि डेव्हिस यांचा २०१० सालचा आढावा निवडला. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या मौखिक आरोग्याचा हा पद्धतशीर आढावा 'स्पेशल केअर इन डेंटिस्ट्री' या नियतकालिकात आला होता. 'पद्धतशीर आढावा' म्हणजे काय, हे नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. एखाद्या प्रश्नावर आधी झालेले अभ्यास ठरवलेल्या निकषांनी शोधायचे, गाळायचे आणि त्यांचे निष्कर्ष एकत्र ठेवून पाहायचे. एकट्यादुकट्या अभ्यासापेक्षा याचं वजन जास्त मानतात.

माझ्या तिसऱ्या स्लाइडवर ठळक अक्षरांत वाक्य होतं: बौद्धिक अक्षमता असलेल्यांमध्ये दात किडण्याचं प्रमाण इतरांइतकंच किंवा त्याहून कमी. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी कारण विचारलं, मी लाळेबद्दल आणि खाण्याच्या वेळांबद्दल काहीतरी बोलले. चहा झाला, विषय संपला.

दिवाळीत मामाकडे गेले तेव्हा कौतुकाने मामीला हे सांगितलं. तिचा मुलगा, माझा मामेभाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, शिवाय लहानपणापासून फिट्स येतात. मामी चकल्या पाडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग आमच्या पोराच्या दाढा कुठं गेल्या म्हणायच्या?"

मला उत्तर देता आलं नाही.

एकाच चार दाढा

त्या रात्री मी वहीत एक हिशेब मांडला. माझी बारा वर्षांची असतानाची स्थिती आणि त्याची बारा वर्षांचा असतानाची.

साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे पक्क्या दाढा येतात, वर दोन आणि खाली दोन. त्यांच्या पृष्ठभागावर खोल खाचा असतात, म्हणून मुलांमध्ये त्या लवकर किडतात. माझ्या चारही किडल्या होत्या. बाबांनी मला चार वेळा दवाखान्यात नेलं, चारही दाढांत सिमेंट भरलं गेलं. त्या दाढांनी मी आजही ऊस खाते.

मामेभावाच्याही त्याच चार दाढा किडल्या होत्या. त्याला खुर्चीत बसवलं की मान मागे जायची, हात आवरायचे नाहीत, मशीनचा आवाज सुरू झाला की तो किंचाळायचा. तालुक्याच्या गावच्या दवाखान्यात सांगितलं गेलं, "हा हलतोय, भरणं जमणार नाही. दुखायला लागली की आणा, काढून टाकू." तसंच झालं. बारा वर्षांचा होईपर्यंत तीन दाढा काढलेल्या होत्या आणि चौथी किडलेली तशीच होती. तेव्हापासून मामी त्याला भाकरी दुधात कुस्करून देते.

आता हे शास्त्रीय भाषेत मांडू. दातांच्या किडीच्या अभ्यासात सर्वांत जास्त वापरला जाणारा निर्देशांक म्हणजे डीएमएफटी. डी म्हणजे किडलेले दात, एम म्हणजे किडीमुळे गेलेले दात, एफ म्हणजे भरलेले दात. तिन्हींची बेरीज करायची. पक्क्या दातांसाठी इंग्रजी मोठी अक्षरं वापरतात, दुधाच्या दातांसाठी छोटी.

माझं: डी ०, एम ०, एफ ४. बेरीज ४.
त्याचं: डी १, एम ३, एफ ०. बेरीज ४.

एखाद्या अभ्यासात आम्ही दोघं असतो तर तक्त्यात दोघांपुढे चार आला असता, आणि खाली लिहिलं गेलं असतं: फरक आढळला नाही. त्यात खोटं काहीच नसतं. दोघांच्याही चार दाढांना कीड लागली होती. डीएमएफटी तेवढंच विचारतो: आजवर किती दातांना कीड लागली? कीड लागल्यावर त्या मुलाचं काय झालं, हे बेरीज झाली की पुसलं जातं.

मोजपट्टी कुठून आली

हा निर्देशांक १९३८ चा आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात हेगर्सटाउन नावाचं गाव आहे. तिथल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांचे दात तपासून क्लाइन, पामर आणि नटसन यांनी तो मांडला. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच दोन गोष्टी होत्या: मुलांच्या दातांची स्थिती आणि मुलांच्या दातांच्या गरजा. म्हणजे किती दात बिघडले आणि किती दातांवर अजून उपचार व्हायला हवेत, हे दोन्ही प्रश्न सुरुवातीपासून शेजारी शेजारी उभे होते. पुढे वापरायला सोपी म्हणून बेरीज प्रसिद्ध झाली. तिन्ही अक्षरं वेगवेगळी वाचायचा कंटाळा नंतरच्या लोकांचा, माझ्यासकट.

या मोजपट्टीवर अन्याय करायचा नाही. ती स्वस्त आहे. एक आरसा, उजेड आणि प्रशिक्षित तपासनीस एवढ्यावर काम होतं. ऐंशीहून जास्त वर्षं ती वापरात असल्यामुळे वेगवेगळ्या देशांची आणि काळांची तुलना करता येते. साखरेचा वापर वाढल्याने मुलांच्या दातांवर काय परिणाम झाला, फ्लोराइडने काय फरक पडला, असे प्रश्न तिने नीट सोडवता येतात. कारण तिथे आपल्याला कीड किती लागते हेच विचारायचं असतं. पण प्रश्न 'या मुलांच्या दातांची काळजी घेतली जाते का?' असा असेल, तर बेरीज चुकीचं साधन आहे. ताप मोजायला वजनकाटा आणल्यासारखं. काटा बरोबर चालतोय, पण त्याचा उपयोग नाही.

संख्याशास्त्राच्या बाजूने

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. हे आकडे मी फक्त समजावण्यासाठी घेतले आहेत. समजा एका साध्या शाळेतली ५० मुलं आणि एका विशेष शाळेतली ५० मुलं आपण तपासली.

साधी शाळा: सरासरी डी ०.६, एम ०.१, एफ १.७. बेरीज २.४.
विशेष शाळा: सरासरी डी १.७, एम ०.६, एफ ०.१. बेरीज २.४.

आता बेरजेवर टी-टेस्ट लावा. पी-व्हॅल्यू कितीही बारकाईने काढली तरी फरक सापडणार नाही, कारण बेरजेत तो नाहीच. नमुना ५० वरून ५,००० केला तरी हीच गत. लहान नमुन्यामुळे फरक निसटणं ही वेगळी अडचण आहे आणि तिच्यावर नमुना वाढवणं हा उपाय आहे. इथे निसटणं मोजपट्टीतच बांधलेलं आहे.

मग करायचं काय? तिन्ही घटक वेगळे छापा. शिवाय एक साधं गुणोत्तर काढा: एकूण डीएमएफपैकी भरलेल्या दातांचं प्रमाण. याला केअर इंडेक्स म्हणतात. वरच्या उदाहरणात साध्या शाळेचं उत्तर १.७ भागिले २.४, म्हणजे सुमारे ७१ टक्के. विशेष शाळेचं ०.१ भागिले २.४, म्हणजे सुमारे ४ टक्के. जी सामग्री आधी 'फरक नाही' म्हणत होती, तीच आता ओरडून सांगते आहे. नवीन एकही मूल तपासलेलं नाही.

आता अँडर्स आणि डेव्हिस यांच्याकडे परत येऊ, कारण त्यांच्याबद्दल न्यायाने बोलायला हवं. त्यांनी हे लपवलेलं नाही. त्यांच्या निष्कर्षात तीन गोष्टी स्पष्ट आहेत. एक, बौद्धिक अक्षमता असलेल्यांमध्ये तोंडाची स्वच्छता कमी आणि हिरड्यांचे आजार जास्त व तीव्र. दोन, किडीचं प्रमाण इतरांइतकंच किंवा कमी. तीन, उपचार न झालेल्या किडीचं प्रमाण सातत्याने जास्त. मी दुसरी गोष्ट स्लाइडवर ठळक केली, तिसरी बोलताना वगळली. वेळ कमी होता, आणि दुसरी गोष्ट अनपेक्षित असल्यामुळे आकर्षक वाटली. संदर्भ देताना हेच होतं. आढाव्यातलं अर्धं वाक्य एका निबंधातून दुसऱ्यात जातं आणि तिथून पुढे ते पूर्ण वाक्य म्हणून वावरतं. म्हणून पहिला धडा: सारांशातलं जे वाक्य तुम्हाला आवडलं, त्याच्या पुढचं वाक्य आधी वाचा.

'कमी' का दिसतं?

माझी तक्रार उरते ती 'इतकंच किंवा कमी' या भागाशी. 'कमी' खरंच कमी असू शकतं. पण ते मान्य करण्याआधी दोन-तीन शंका फेडायला हव्यात.

पहिली शंका दातांच्या संख्येची. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये दात उशिरा येतात, आणि काही दात जन्मतःच तयार झालेले नसतात. दातांमध्ये फटीही जास्त असतात. बारा वर्षांच्या दोन मुलांची तुलना केली, पण एकाच्या तोंडात पक्के दात चार वर्षं वागले आहेत आणि दुसऱ्याच्या तोंडात दोनच वर्षं, तर दुसऱ्याच्या दातांना किडायला संधीच कमी मिळाली. अशा वेळी वयाशी वय जुळवणं पुरत नाही. तोंडात किती दात आहेत आणि ते किती काळ आहेत, हेही जुळवावं लागतं. शिवाय याच मुलांना हिरड्यांचा आजार कमी वयात गाठतो, आणि हिरड्यांबद्दल डीएमएफटी अवाक्षर काढत नाही. तीच गोष्ट फिट्सवरच्या फेनिटोइन या औषधाची. त्याने काही जणांच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात, ब्रश केला की रक्त येतं. दात शाबूत, आकडा शून्य, आणि मूल ब्रश तोंडात घेऊ देत नाही.

दुसरी शंका तपासणीची. शाळेत जाऊन केलेल्या तपासणीत साधारणपणे एक्स-रे नसतो. दोन दाढांच्या मधली कीड डोळ्यांना दिसत नाही. जे मूल तीन सेकंदच तोंड उघडतं त्याच्या बाबतीत तर समोरचं दिसलं तरी पुष्कळ. म्हणजे ज्या मुलाची तपासणी सर्वांत अवघड, त्याची कीड सर्वांत कमी नोंदली जाण्याची शक्यता. मोजमापातली ही चूक दोन्ही गटांत सारखी नाही, एकाच बाजूला कललेली आहे.

तिसरी शंका सर्वांत महत्त्वाची, आणि तिची जागा निबंधातल्या सर्वांत कंटाळवाण्या परिच्छेदात असते. 'वगळणीचे निकष' नावाचा तो परिच्छेद. तिथे अनेकदा एक ओळ असते: तपासणीस सहकार्य न करणारी मुलं अभ्यासातून वगळली. एवढंच. किती वगळली, का वगळली, त्यांना किती वेळा संधी दिली, काही नाही.

थांबून विचार करा. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या दातांचा अभ्यास करायचा आणि जी तोंड उघडत नाहीत ती गाळायची. जे मूल तपासनिसापुढे तोंड उघडत नाही, ते आईपुढे ब्रशसाठी तरी सहज उघडत असेल का? दवाखान्यात उघडत असेल का? म्हणजे ज्यांचे दात वाईट असण्याची शक्यता जास्त, तीच मुलं नमुन्यातून गेली. संख्याशास्त्रात आपण शिकतो की गहाळ सामग्री योगायोगाने गहाळ झाली असेल तर फारसं बिघडत नाही. ज्या कारणाने ती गहाळ झाली तेच कारण उत्तराशी जोडलेलं असेल, तर उरलेल्यांची सरासरी फसवते. माझा मामेभाऊ अशा कुठल्याही अभ्यासात आलाच नसता. त्याचा चार हा आकडासुद्धा मी वहीत मांडला म्हणून आहे.

'असहकार्य' हा शब्दही तपासून घ्या. डोळ्यांवर दिवा, कानाशी आवाज, तोंडात हातमोज्यांची चव. ज्या मुलाला हे सगळं दुप्पट-तिप्पट जाणवतं ते दूर सरकतं. बालदंतचिकित्सेत 'सांगा, दाखवा, करा' ही पद्धत १९५९ पासून लिखित स्वरूपात आहे: आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. लहान मुलांसाठी गुडघ्याला गुडघा लावून आई आणि तपासनीस समोरासमोर बसतात आणि मुलाचं डोकं तपासनिसाच्या मांडीवर घेतात. आई हात धरून ठेवते, मुलाला तिचा चेहरा दिसत राहतो. हे करून पाहिलं का, याची नोंद निबंधात नसेल तर तो शब्द मुलाबद्दल कमी आणि अभ्यासाच्या वेळापत्रकाबद्दल जास्त सांगतो.

एक डी दुसऱ्या डीइतका नसतो

दीर्घ आजार असलेल्या मुलांकडे वळू. इथे बेरजेची आणखी एक मर्यादा दिसते. ती सगळ्या तोंडांना एकच भाव लावते.

निरोगी मुलाची एक किडलेली दाढ म्हणजे दुखणं, रात्रीची झोप मोडणं, शाळा बुडणं. हे कमी नाही. पण काही जन्मजात हृदयविकारांत तोंडातले जंतू रक्तात जाऊन हृदयाच्या आतल्या अस्तराला संसर्ग होण्याचा धोका असतो. हिमोफिलिया असलेल्या मुलाची दाढ काढायची तर रक्त गोठवणाऱ्या घटकाची आधी तयारी लागते. केमोथेरपी सुरू होणार असेल तर संसर्गाचं ठिकाण होऊ शकणारे दात शक्यतो आधीच हाताळावे लागतात. या सर्वांच्या पुढे तक्त्यात डी १ एवढंच येतं.

उपचार न झालेल्या किडीचे परिणाम मोजायला २०१० मध्ये मॉन्से आणि सहकाऱ्यांनी 'पुफा' नावाचा निर्देशांक मांडला. दाताचा आतला गाभा उघडा पडलाय का, तुटक्या दाताने व्रण झालाय का, पू वाहणारं छिद्र आहे का, गळू आहे का, एवढं तो पाहतो. त्यालाही जास्त साधनं लागत नाहीत. डीएमएफटीसोबत तो घेतला तर 'किडलेला' या शब्दामागे किती दुखणं आहे याचा अंदाज येतो.

आणि जे मूल बोलून सांगू शकत नाही? नेदरलँड्समध्ये वर्स्लूट आणि सहकाऱ्यांनी पालकांना विचारायची एक प्रश्नावली तयार केली आणि ती शिकण्यात अडचण असलेल्या मुलांसाठीही वापरून पाहिली. मूल एकाच बाजूने चावतं का, खाताना गालाकडे हात नेतं का, आवडता पदार्थ बाजूला सारतं का, जेवताना रडतं का. मामीला यातलं सगळं माहीत होतं. "त्या दिवसांत श्रीखंडसुद्धा नको म्हणायचा," असं ती सांगते. ही माहिती घरात होती. तिला कुठल्या रकान्यात जागा नव्हती एवढंच.

चांगला प्रश्न कसा दिसतो

नुसती टीका करून थांबायला नको, म्हणून जुनं पण मला आवडणारं एक काम सांगते. १९७९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये रॉबर्ट्स आणि रॉबर्ट्स यांचा छोटासा निबंध आला. दीर्घ आजार असलेल्या मुलांना महिनोन्‌महिने गोड सिरप दिलं जातं, त्याचा दातांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न. किमान सहा महिने सिरप घेणारी ४४ मुलं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला तशीच ४७ मुलं, पण गोळ्या घेणारी किंवा औषध न घेणारी. सिरप घेणाऱ्यांमध्ये कीड आणि हिरड्यांचा दाह दोन्ही लक्षणीयरीत्या जास्त निघाले.

तुलनागट पाहा. आजारी मुलांची तुलना निरोगी मुलांशी केली असती तर फरकाचं खापर आजारावर फुटलं असतं. इथे तुलना तशाच मुलांशी आहे. त्यामुळे बोट आजाराकडे न जाता आपण देत असलेल्या गोष्टीकडे जातं, आणि ती गोष्ट बदलता येते. साखरेचं सिरप बदलून बिनसाखरेचं करता येतं, औषधानंतर तोंड पुसता येतं, झोपेत असताना पाजायचं टाळता येतं. रात्री लाळ कमी सुटते, म्हणून तेव्हाची साखर दातांवर जास्त वेळ राहते.

या निबंधावरही प्रश्न विचारता येतात. नमुना लहान आहे. कुणाला सिरप आणि कुणाला गोळी, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. ज्या मुलाला गोळी गिळता येत नाही त्याला सिरप मिळण्याची शक्यता जास्त, आणि त्याच मुलाला चूळ भरणं, ब्रश करणंही जड जात असेल. मग फरकातला काही भाग त्या अडचणीचा असू शकतो. तुम्ही हा अभ्यास आज केला तर गिळण्याची क्षमता नोंदवाल का? नोंदवा.

मामेभावाला लहानपणी फिट्सचं सिरप रात्री झोपेत पाजायचे. हे वाचल्यावर मी मामीला सांगावं की नाही, यावर बरेच दिवस विचार केला. शेवटी सांगितलं, पण औषध चुकीचं होतं असं नाही. औषधाने त्याच्या फिट्स आवरल्या, ते द्यायलाच हवं होतं. नंतर ओल्या फडक्याने दात पुसायला कुणी सांगितलं नाही, एवढंच राहून गेलं. ती म्हणाली, "फडकं काय, घरात शंभर होती."

तुमच्या सिनॉप्सिससाठी

आपल्याकडे हा विषय घ्यायचा असेल तर जागा पुष्कळ आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून, आणि त्याच्या तपासणीच्या यादीत दातांचे विकार आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं मोजली आहेत. त्यांत सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम यांच्याबरोबर हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकल सेलही आहेत. म्हणजे कोणती मुलं आणि कोणती तपासणी, या दोन्हींसाठी सरकारी चौकट हाताशी आहे. कमी आहे ती पुढच्या प्रश्नाची: तपासणीत कीड दिसली, पुढे पाठवलं, मग तो दात भरला, काढला, की तसाच राहिला?

आराखडा लिहिताना चार गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

१. डी, एम आणि एफ वेगवेगळे नोंदवा आणि वेगवेगळे छापा. बेरीज द्यायची तर शेवटी द्या.

२. जी मुलं तपासता आली नाहीत त्यांचा आकडा, कारण आणि प्रयत्नांची संख्या लिहा. त्यांच्या पालकांची प्रश्नावली तरी भरून घ्या. तोंड उघडलं नाही म्हणून मूल अभ्यासातून पूर्ण जायला नको.

३. दात काढला असेल तर पालकांना विचारा, भरण्याचा पर्याय दिला होता का? या एका प्रश्नाला फार तर अर्धं मिनिट लागतं.

४. तुलनागट निवडण्याआधी स्वतःला विचारा, फरक निघाला तर मी कुणाकडे बोट दाखवणार आहे? उत्तर 'मुलाच्या अपंगत्वाकडे' असं येत असेल तर दुसरा तुलनागट शोधा.

यामुळे पुढचं संशोधनही बदलतं. 'या मुलांचे दात का किडतात?' या प्रश्नाचं उत्तर लाळेत, जंतूंमध्ये, आहारात शोधलं जातं. 'किडलेला दात का भरला जात नाही?' याचं उत्तर दवाखान्याच्या खुर्चीत, भूल देण्याच्या सोयीत, प्रशिक्षणात आणि प्रवासखर्चात सापडतं. ड्रिल न वापरता कीड थोपवणाऱ्या सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडसारख्या औषधाचा उपयोग तिथे कळतो. त्याने दाताचा किडलेला भाग काळा पडतो, पण हलणाऱ्या मुलालाही ते लावता येतं. पहिला प्रश्न वाईट नाही. फक्त आमच्या घरात गरज दुसऱ्याची होती.

मी त्या जर्नल क्लबची स्लाइड नंतर दुरुस्त केली आणि पुढच्या सत्रात पुन्हा पाच मिनिटं मागून घेतली. जुनं वाक्य तसंच ठेवलं, त्याखाली दोन ओळींचा तक्ता टाकला: डी ०, एम ०, एफ ४ आणि डी १, एम ३, एफ ०. नावं दिली नाहीत. एका ज्युनियरने विचारलं, "मॅडम, दुसऱ्या मुलाची चौथी दाढ?" तीही पुढे काढावी लागली, असं मी सांगितलं. बेरीज तेव्हाही चारच राहिली.

पुढच्या लेखात गहाळ सामग्रीचे प्रकार सविस्तर घेऊ. तोपर्यंत तुमच्या विषयातला कुठलाही एक निबंध काढा आणि त्यात कुणाला वगळलं आहे तेवढा परिच्छेद वाचून ठेवा.